अंगावर पित्त उठतंय, जातच नाहीये. अजून काय काय बंद करू?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. आधी इथले जुने धागे चाळले, पण ते बहुतेक "एकदा उठलं, गोळी घेतली, गेलं" या प्रकारचे आहेत. माझं जात नाहीये, म्हणून नवा धागा काढते.

गणपती झाल्यावर सुरू झालं, आता दिवाळीही होऊन गेली. दिवसभर काही नसतं. दिवेलागणीला तळहात चुणचुणायला लागतात, मग दंड, पोट, मांड्या. लाल, फुगीर गांधी. काही मसुराएवढ्या, काही एकमेकींत मिसळून तळहाताएवढ्या. परकराची नाडी बसते तिथे तर हमखास. मध्यरात्रीपर्यंत कहर आणि सकाळी अंग कोरं. डॉक्टरांकडे जावं तर दाखवायला काही नसतं! मध्ये एकदा वरचा ओठही सुजला होता, दुसऱ्या दिवशी उतरला.

जवळच्या डॉक्टरांचं इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. घरच्यांच्या सल्ल्याने तूरडाळ, वांगी, दही, चिंच, टोमॅटो, शेंगदाणे, अंडी बंद केलीत. मुगाचं वरण आणि दुधी यावर दिवस काढतेय. वजन उतरलं, गांधी मात्र वेळेवर हजर.

विचारायचं असं की अजून काय बंद करू? ती दोनशे पदार्थांची ॲलर्जीची रक्ततपासणी असते, ती करावी का (बरीच महाग आहे)? आणि फेक्सोफेनाडिन १८० ही पित्ताची गोळी दिलीय, उठलं की घेते. ही गोळी जन्माची मागे लागेल का?

आमसूल_सार

अगं, आमसुलं भिजत घाल, कुस्करून ते पाणी अंगाला लाव. आमच्या आजीचा हाच उपाय. वरून गेरू फासायचा आणि घोंगडीवर निजायचं. आम्हा सगळ्या भावंडांचं सकाळपर्यंत गेलेलं असायचं.

तिरपागडा

सकाळपर्यंत तिचं काहीही न लावता जातंय की, आमसूलताई. वर लिहिलंय तिने. :)

आमसूल_सार

वाचलं हो. पण थंडावा मिळतो त्याने, तो काय खोटा आहे?

अधिक_उणे

मी म्हणेन तपासणी करूनच टाक. निदान कळेल तरी. माझ्या मेव्हणीने केली, गहू, दूध, बदाम, पालक असे पंचवीस-तीस पदार्थ निघाले. सगळं सोडलं.

तिरपागडा

आणि पित्त?

अधिक_उणे

ते अजून उठतं अधूनमधून. पण कमी आहे म्हणते.

कातडीबचाव

मी त्वचारोगाचा डॉक्टर. धाग्यावर निदान करत नाही, पण या विषयावर गैरसमजच इतके आहेत की जरा लांबण लावतो.

चिंचगुळ, सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर ते तात्पुरतं, त्यापुढे चाललं तर जुनाट. तुमचं दुसऱ्या खात्यात गेलं. ही विभागणी केवळ कागदावरची नाही, दोन्हींची कारणंच बहुधा वेगळी असतात. तात्पुरत्या प्रकारात एखादा विषाणूचा ताप, एखादं औषध, कीटकदंश, कधी कोळंबी किंवा शेंगदाणा असं काही हाती लागू शकतं. बऱ्याचदा तेही लागत नाही. जुनाट प्रकारात मात्र खाण्यातला एखादा पदार्थ हे कारण क्वचितच निघतं.

कातडीत रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या आसपास मास्ट पेशी बसलेल्या असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. ते सुटलं की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात (लाली), त्यांतून पाणी झिरपतं (सूज) आणि मज्जातंतू चाळवतात (खाज). पाणी पुन्हा शोषलं गेलं की गांध बसते, मागे खूण राहत नाही. जुनाट प्रकारात बऱ्याच रुग्णांमध्ये या पेशींना बाहेरून कोणी डिवचतच नाही. शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) त्यांना चेतवतात. म्हणूनच थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार आणि हे दुखणं एकाच माणसात असण्याचं प्रमाण जास्त आहे. आता यात वांग्याचा काय दोष?

खाण्याची खरी ॲलर्जी ओळखणं फारसं अवघड नसतं. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत प्रकार सुरू होतो, आणि पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. तुम्ही सकाळी काहीही खा, गांधी संध्याकाळीच येतात. सात पदार्थ सोडूनही त्यांनी वेळ बदललेली नाही. उत्तर त्यातच आहे.

दोनशे पदार्थांची तपासणी माझ्या मते करू नका. एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्य सापडणं म्हणजे त्याची ॲलर्जी असणं नव्हे. पोळी मजेत खाणाऱ्या माणसाच्या रक्तातही गहू 'पॉझिटिव्ह' येतो. काही पॅकेजांत तर आयजीजी नावाचं प्रतिद्रव्य मोजतात, ते फक्त तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. जुनाट पित्ताला सुरुवातीला रक्ताची साधी मोजणी आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या) पुरतं. विशेषज्ञाला वाटलं तर एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्य) आणि थायरॉइडची प्रतिद्रव्यं. तेवढ्यावर भागतं.

आता गोळी. "उठलं की घेते" इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ही गोळी सुटलेलं हिस्टामिन परत गोळा करत नाही, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते. जागा आधीच अडवलेली हवी, म्हणून ती रोज, ठरलेल्या वेळी घ्यायची असते, गांध असो वा नसो. दोन ते चार आठवड्यांत पुरेसा फरक नाही पडला तर डॉक्टर मात्रा वाढवतात. नव्या पिढीच्या गोळ्यांची मात्रा नेहमीच्या चौपटीपर्यंत नेण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. डॉक्टरांनी वाढवायची हं, तुम्ही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सेटिरिझिनसारखी औषधं उलट कमी करावी लागतात.

इंजेक्शनात काय होतं ते चिठ्ठीवर लिहून मागा. स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांच्या आरामाचं कोडं सुटलं. फारच भडकलं असेल तेव्हा थोड्या दिवसांपुरतं स्टेरॉइड ठीक, पण दर आठवड्याला टोचून घ्यायची ती वस्तू नाही. साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यांना बाधते.

चिंचगुळ

डॉक्टर, मनापासून आभार. एक राहिलं. आंबट-तिखट बंद करूनही उठतंय म्हणून मी जेवणानंतर ॲसिडिटीचं गुलाबी औषध दोन चमचे घेते आणि लगेच फेक्सोफेनाडिन, कधी मोसंबीच्या रसाबरोबर. चालतं ना?

कातडीबचाव

नाही! बरं झालं विचारलंत. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड फेक्सोफेनाडिनबरोबर घेतलं तर गोळी रक्तात बरीच कमी उतरते. मोसंबी, संत्रं, सफरचंद यांच्या रसानेही तेच. पाण्याबरोबर घ्या. अँटासिड खरंच लागत असेल तर दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. पण पोटातल्या जळजळीचा या गांधींशी संबंध नाही, तेव्हा नुसत्या गांधींसाठी ते घेत असाल तर सोडून द्या. बिलास्टिनवर (पित्ताचीच दुसरी गोळी) असलेल्यांनीही वाचा: ती रिकाम्या पोटी, खाण्याआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.

तिरपागडा

अर्धा महाराष्ट्र अंगावर पित्त उठलं की हेच करत असणार. गुलाबी औषध आणि वरून मोसंबी.

काढा_घ्या

वैद्य आहे, म्हणून बोलायला हवं. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचा स्वतंत्र अध्याय आहे. शीतपित्ताचं पहिलं कारण दिलंय गार वाऱ्याचा स्पर्श, आणि सूज कशी तर गांधीलमाशी चावल्यासारखी. चिंच-वांग्यावर सगळं ढकलणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा. पथ्य व्यक्ती पाहून ठरतं. घरच्यांनी मिळून केलेली यादी म्हणजे पथ्य नव्हे.

दुसरं, माझ्या धंद्याच्या विरोधात जाईल पण सांगतो. कागदात बांधलेल्या, नाव-घटक न लिहिलेल्या 'पित्ताच्या पुड्या' कोणाकडूनही घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. औषध चालू असेल तर ते माझ्यासारख्याला आणि कातडीबचावांसारख्यांना, दोघांनाही सांगा.

कातडीबचाव

वैद्यबंधू, या शेवटच्या वाक्यासाठी चहा लागू.

सह्यभटक्या

गार वाऱ्यावरून आठवलं. मला नेमकं हेच होतं. डिसेंबरात पहाटे नाशिक सोडून बाइकवर निघालो की हातमोज्याच्या आणि बाहीच्या मधली पट्टी लाल, फुगलेली, खाजरी. गाडी थांबवून टपरीवर चहाचा ग्लास धरला की अर्ध्या तासात गायब. आइसक्रीम खाल्लं की ओठ जड. घरचे म्हणायचे थंडी बाधते. त्वचेच्या डॉक्टरांनी बर्फाचा तुकडा पिशवीत घालून पाच मिनिटं हातावर ठेवला, काढल्यावर दहा मिनिटांत तिथे चौकोनी गांध! निदान झालं. रोजच्या गोळीवर छान चाललंय.

कातडीबचाव

भटक्या, धबधब्याखाली उभे राहता का? तळ्यात, विहिरीत उड्या?

सह्यभटक्या

म्हणजे काय, पावसाळी ट्रेकला जायचं कशाला मग?

कातडीबचाव

यापुढे नको, आणि एकट्याने तर मुळीच नको. हातावर चौकोनी गांध ही गंमत आहे. पण गार पाण्यात अख्खं अंग एकदम बुडालं तर सगळीकडून हिस्टामिन सुटतं, रक्तदाब कोसळतो, माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. या प्रकारात बुडून मृत्यू झालेले आहेत. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञालाही सांगून ठेवा, थिएटर गार असतं आणि सलाइनही.

सह्यभटक्या

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो.

बांगडा_फ्राय

माशांचं नाव निघायच्या आत मीच येतो. आमच्याकडे कोणाला बांगडा खाऊन पित्त उठलं की लगेच "तुला मासे सोसत नाहीत" असा शिक्का. पण एकाच पंगतीत चौघांची तोंडं लाल झाली, डोकी ठणकली, तर चौघांना एकाच दिवशी ॲलर्जी झाली काय? आजोबा म्हणायचे, बांगडो ताजो आसलो तर कायएक होणा नाय.

कातडीबचाव

आजोबा बरोबर होते. बांगडा, कुपा, गेदर अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर. मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही तर जिवाणू त्याचंच हिस्टामिन करतात. म्हणजे हिस्टामिन तुमच्या पेशींतून नाही, थेट ताटातून येतं. तळून-उकळूनही ते जात नाही, आणि मासा वासाला ठीक असू शकतो. खाताना तोंडात मिरी चावल्यासारखी चुरचुर, मग तासाभरात चेहरा लाल, डोकेदुखी, कधी जुलाब. बहुधा दिवसभरात ओसरतं. याला ॲलर्जी म्हणत नाहीत, पुढच्या वेळी ताजा बांगडा खुशाल खावा. मात्र सगळ्यांनी खाऊन एकट्यालाच आणि दर वेळी होत असेल, विशेषतः कोळंबी-कुर्ल्यांनी, तर ती वेगळी गोष्ट. त्याला हात लावू नका.

बांगडा_फ्राय

फ्रायला आयुष्यमान मिळालं. थँक्यू डॉक.

साळुंकी

जरा वेगळं विचारते. बाबांची जीभ आणि ओठ सुजतात, महिन्या-दोन महिन्यांनी. खाज नाही, गांध एकही नाही. पित्ताची गोळी देतो, पण फरक वाटत नाही. वय ६८. रक्तदाबाची गोळी चालू आहे बरीच वर्षं, बाकी काही नाही.

कातडीबचाव

त्या गोळीचं नाव बघा. शेवट 'प्रिल' असा आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल?

साळुंकी

रामिप्रिल ५. पण ती तर किती वर्षं सोसतेय त्यांना.

कातडीबचाव

त्याने फरक पडत नाही, वर्षांनंतरही सुरू होतं. या सुजेत हिस्टामिनचा हात नसतो, ब्रॅडिकायनिन नावाचं वेगळंच रसायन साठतं, म्हणून पित्ताची गोळी तिथे आंधळी. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, पुढची गोळी घेण्याआधी, आणि रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातलं औषध मागा. जीभ सुजून आवाज बदलला, गिळता येईना, लाळ गळू लागली तर फोन करत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात. घरात इतर कोणाला, लहानपणापासून, गांधींशिवाय अशी सूज येत असेल तर तेही सांगा, एक आनुवंशिक प्रकार असतो.

साळुंकी

बोलले. गोळी बदलली. घरात दुसरं कोणी नाही. खरंच आभार.

अधिक_उणे

मग डॉक्टर, नुसत्या पित्तात घाबरायचं कधी?

कातडीबचाव

नुसत्या खाजेला नाही. गांधींबरोबर श्वासाला घरघर, घसा आवळणं, आवाज बसणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी उलट्या किंवा पोटात मुरडा यांतलं काही आलं तर ती तीव्र ॲलर्जी. औषध, मधमाशी किंवा खाण्यानंतर मिनिटांत असं झालं तर १०८ लावा. माणसाला आडवं करा, पाय उंच. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. तिथे जीव वाचवणारं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत. अव्हिल (पित्ताचं जुन्या पिढीतलं औषध) देऊन वाट पाहत बसणं हा आपल्याकडचा फार जुना आणि फार घातक रिवाज आहे.

टोरांटोकर_मावशी

मी जुनाट प्रकाराची जुनी गिऱ्हाईक. गोळीची चौपट मात्रा होऊनही माझं थांबेना, तेव्हा ओमालिझुमॅबची इंजेक्शनं सुरू केली, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, दंडाच्या कातडीखाली. पहिल्याच इंजेक्शनानंतर काही दिवसांत मी रात्रभर झोपले. सगळ्यांना इतकं पटकन नाही होत म्हणे. हे औषध दम्यासाठी आलं आणि या आजाराला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आता अमेरिकेत २०२५ पासून डुपिलुमॅबही चालतं. इथे विम्यातून भागतं. भारतात बहिणीसाठी चौकशी केली तर आकडा ऐकून गप्प बसलो. तिचं सायक्लोस्पोरिनवर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आटोक्यात आलं, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सांभाळून.

एक सांगते, चिंचगुळ. डायरी ठेव, पण खाण्याची नाही. रोज दोन आकडे: गांधी किती (० ते ३), खाज किती (० ते ३). आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त ४२. माझी पस्तिशीच्या घरात असायची. डॉक्टरसमोर "खूप होतं हो" म्हणण्यापेक्षा आकडा ठेवला की ते औषध बदलायला तयार होतात. आणि फोटो काढ, रात्री, दिव्याखाली.

कातडीबचाव

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. त्यात एक भर: एका गांधेभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहा. तीच गांध चोवीस तासांनंतरही तिथेच असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल, जाताना काळानिळा डाग ठेवत असेल तर प्रकरण रक्तवाहिन्यांच्या दाहाचं असू शकतं. मग कातडीचा बारीक तुकडा तपासावा लागतो.

रानजाई

माझ्या लेकाला (वय ४) तापात अमॉक्सिसिलिन दिलं, चौथ्या दिवशी अंगभर गांधी. फाइलवर लाल शाईने 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलंय. आता जन्मभर?

कातडीबचाव

लहान मुलांत गांधींचं सर्वांत मोठं कारण तो ताप आणणारा विषाणूच असतो. औषध तेव्हा चालू असतं म्हणून पकडलं जातं. असा शिक्का बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे नीट तपासल्यावर ते औषध सोसतं. पण घरी देऊन पाहायचं नाही. ॲलर्जीतज्ज्ञाकडे, देखरेखीखाली. तोवर शिक्का राहू द्या.

चिंचगुळ

धागा भरकटला पण कामाचा भरकटला. अपडेट: फेक्सोफेनाडिन रोज सकाळी, पाण्याबरोबर. गुलाबी औषध बंद. पंधरवड्यात फारसं हललं नाही म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली, आणि आता आठवड्याची बेरीज २९ वरून ११ वर आलीय. थायरॉइडची प्रतिद्रव्यं वाढलेली निघाली, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी तपासणी) सध्या ठीक, वर्षाने पुन्हा बघायचं. डोकेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको म्हणाले, काहींचं त्याने भडकतं. लागलं तर पॅरासिटामॉल. गोळी जन्मभर नाही. महिने किंवा काही वर्षं, मग हळूहळू कमी करून पाहायची. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकवर आलेय. सगळे पदार्थ परत सुरू केलेत, सासूबाई अजून वांग्यावर अडून आहेत.

आमसूल_सार

वांगं कशाला, भरल्या वांग्यात आमसूल घाल!

तिरपागडा

शेवटचा प्रश्न माझा. भाचा क्रिकेट खेळून घामाघूम झाला की मानेवर-छातीवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य पुरळ, टोचल्यासारखं होतं. गरम पाण्याने आंघोळ केली की पण. तासाभरात साफ. घामोळं समजून पावडर लावतात. हेही तुमच्याच खात्यातलं का?

कातडीबचाव

बहुतेक माझ्याच. अंग तापलं, घाम आला की उठणारा प्रकार, तरुण मुलांत बराच दिसतो. घामोळं तासाभरात जात नाही. खेळ बंद करू नका, रोजच्या गोळीने बहुतेकांचं भागतं. मात्र खेळताना कधी धाप किंवा चक्कर आली, किंवा जेवून लगेच खेळल्यावरच होतं असं दिसलं, तर मैदान थांबवून आधी दाखवायला आणा. काही जणांत गव्हाचं किंवा कोळंबीचं जेवण आणि त्यावर पळापळ, हे दोन्ही जुळलं तरच तीव्र ॲलर्जी होते, एकेकट्याने काहीच होत नाही. येताना खेळून झाल्यावरचा फोटो आणा आणि त्या दिवशी काय खाल्लं होतं तेवढं लिहून आणा.